लहरीपुरा ते पाणीगेट, पायी पायी

मागच्या अंकात भरल्या वांग्यांच्या उत्तरात मी सहज एक ओळ टाकली होती, की मसाला मी अजून बडोद्याच्या जुन्या गावात, मांडवीला चालत जाऊन आणते. झालं, वांगी राहिली बाजूला आणि मांडवीचीच पत्रं नि व्हॉट्सॲप यायला लागले. कुठून चालायचं, काय बघायचं, आता तिथे राहिलंय काय. संपादक म्हणाले मावशी, या महिन्यात यांचंच उरकून टाका. म्हणून ज्यांनी लोणच्याला बुरशी का येते विचारलंय त्यांनी एक महिना थांबावं, तोवर बरणी उन्हात ठेवा.

मावशी, ऑफिसच्या कामाला बडोद्याला येतोय. दुसऱ्या दिवशी तीननंतर मोकळा आहे, रात्री दहाची गाडी. पॅलेस वगैरे सगळेच बघतात, मला जुन्या गावात चालायचंय. कुठून कुठे चालू? (एक वाचक, पुणे)

तुमचा प्लॅन बरोबर आहे. स्टेशनवरून रिक्षा करा आणि फक्त न्यायमंदिर म्हणा, पुढे काही सांगावं लागत नाही. उतरलात की एका बाजूला सुरसागर तलाव, त्यात मधोमध १११ फुटी महादेव उभा, आणि दुसऱ्या बाजूला न्यायमंदिराची ती प्रचंड इमारत. १८९६ ची आहे, चिझम नावाच्या इंग्रज आर्किटेक्टने बांधलेली, लक्ष्मी विलास राजवाड्याचं अर्धं राहिलेलं कामही त्यानेच पुढे नेलं होतं. २०१८ पर्यंत इथे कोर्ट भरायचं. माझे सासरे एकदा साक्षीला गेले होते, साक्ष काय दिली ते त्यांनाही आठवत नव्हतं पण आतलं छत केवढं उंच आहे ते शेवटपर्यंत सांगायचे.

आता जुनं गाव कसं आहे ते आधी डोक्यात बसवून घ्या म्हणजे मॅप उघडावा लागणार नाही, आणि तसाही तो पोळात, म्हणजे इथल्या जुन्या गल्लीत, शिरलं की गोंधळतो. कागदावर अधिकचं चिन्ह काढा. डावं टोक लहरीपुरा दरवाजा, उजवं पाणीगेट, वरचं चांपानेर दरवाजा, खालचं गेंडीगेट, आणि दोन रेघा एकमेकींना कापतात तिथे मांडवी. पूर्वी भोवती कोट होता, तो गेला, दरवाजे राहिले. तुम्ही न्यायमंदिराकडून लहरीपुऱ्याच्या कमानीखालून आत शिरायचं, सरळ मांडवी, आणि तसंच सरळ पाणीगेट. घाई केली तर पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता आहे. तुम्ही तीन तास लावा.

तीन तास लावायचे कसे, तर रिकाम्या हाताने जाऊ नका. हे माझं एकच सांगणं आहे आणि आज सगळ्या उत्तरांत येणार आहे, वैतागू नका. हा रस्ता म्युझियम नाही, चालता बाजार आहे, तिथे नुसतं बघायला आलेला माणूस लगेच ओळखू येतो, त्याला सगळे बाजूला व्हा म्हणतात. तोच माणूस काही घ्यायला किंवा दुरुस्त करायला आला तर त्याला स्टूल देतात, पाणी देतात आणि तीन पिढ्यांची माहिती फुकट देतात. तर तुम्ही असं करा, घरी बायकोला किंवा आईला जोडवी घ्यायचं काम काढा. मांडवीजवळ घडियाळी पोळाच्या बाजूला सोन्याचांदीची दुकानं आहेत. मापासाठी घरून निघतानाच पायाच्या बोटाला दोरा गुंडाळून गाठ मारून आणा. मी माझ्या वहिनीची अशीच आणली होती. शेठनी काही न बोलता दोऱ्याचं ते कडं एका निमुळत्या सळईवर चढवलं, जिथे अडलं तिथे नख ठेवलं, मग म्हणाले बेन, गाठ पण मापात धरली आहे का गाठ सोडून? मी बघतच राहिले. वहिनीला फोन लावला, गाठ आतून होती का बाहेरून, तिला काय आठवणार. शेवटी त्यांनीच अंदाजाने दिली आणि बसली बरोबर. त्या वीस मिनिटांत मला कळलं की त्या दुकानाचा माळा पूर्वी राहायचं घर होता, जिना आतूनच आहे, आणि शेठच्या आजी वरच्या खिडकीतून दोरीला पिशवी बांधून खाली भाजी घ्यायच्या.

मांडवीला पोचलात की मात्र दोन मिनिटं काही न घेता उभे राहा, एखाद्या दुकानाच्या पायरीवर, रस्त्यात नको. मांडवी म्हणजे जकात घ्यायची जागा. मोगलांच्या वेळची ही चौकोनी वास्तू, चारही बाजूंना तीन-तीन कमानी, वरचे मजले नि घड्याळ नंतर चढलेलं. सगळं ट्रॅफिक तिच्याभोवती गोल फिरतं, रिक्षा, हातगाड्या, स्कूटरवर चौघं, मध्येच एखादी गाय, आणि या सगळ्यात ती कुणाच्या लग्नात आलेल्या थोरल्या आत्यासारखी मधोमध बसलेली. बँक ऑफ बडोदा १९०८ मध्ये या मांडवीतच सुरू झाली. तुम्ही बँकेतले असाल तर मग तुमची ही पंढरीच की हो.

पाणीगेटला पोचाल तेव्हा अंधार झालेला असेल. परत रिक्षा करा, चालत येऊ नका, पाय उद्या लागतील.

रावपुऱ्यातला टॉवर चिमणाबाईंचा, न्यायमंदिरही चिमणाबाईंचं, आणि बायकांसाठी काम केलं त्याही चिमणाबाई. एकाच बाईंनी एवढं सगळं केलं का? (एक वाचक, कारेलीबाग)

नाही हो, बाया दोन, नाव एक. गायकवाडांच्या घरात लग्न होऊन आल्यावर नाव बदललं, आणि दोघींनाही तेच नाव मिळालं, पुढच्यांचा गोंधळ होईल हे कुणाच्या डोक्यात आलं नसावं.

पहिल्या चिमणाबाई तंजावरच्या, माहेरचं नाव लक्ष्मीबाई. सयाजीरावांशी १८८० मध्ये लग्न झालं आणि १८८५ मध्ये त्या गेल्याच, अगदी तरुण वयात. रावपुऱ्याचा टॉवर आणि न्यायमंदिर ही दोन्ही त्यांच्या आठवणीची, दोन्ही १८९६ ची. तुम्ही टॉवरखाली रोज स्कूटर उभी करता ना, तो एका मेलेल्या तरुण बायकोचा टॉवर आहे, मला हे कळलं तेव्हा जरा कसंतरीच झालं होतं. आणि त्यांच्याबरोबर आंदण म्हणून तंजावरच्या नर्तकी आणि वादक बडोद्याला आले, म्हणजे भरतनाट्यमला भरतनाट्यम म्हणायला लागायच्या आधीपासून ते बडोद्यात होतं. तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घराण्यातली मुलगी गुजरातेतल्या मराठी घराण्यात आली आणि येताना ते नाचणं घेऊन आली. कुणी गोष्ट रचून सांगितली असती तर खरी वाटली नसती.

दुसऱ्या चिमणाबाई देवासच्या घाटग्यांच्या, माहेरचं नाव गजराबाई. बायकांच्या शिक्षणाचं, पडदा सोडण्याचं जे वाचता ते यांचं. १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष त्याच होत्या.

तुमचं काम: टॉवरच्या घड्याळावर आपलं घड्याळ लावून बघा आणि मला कळवा किती फरक येतो.

सासूबाईंना मांडवीच्या विठ्ठल मंदिरात जायचंय, पण गुडघे दुखतात आणि तिथे गाडी शिरत नाही. कसं न्यायचं? (एक सून, माजलपूर)

सकाळी सातला न्या. त्या वेळी शटर बंद असतात, रस्ता झाडून होत असतो, रिक्षा पार आतपर्यंत जाते. नऊनंतर नाव काढू नका. मंदिरात बसायला जागा असते, बसू दे त्यांना तासभर, तुम्ही घड्याळ बघू नका. आणि कार्तिकी एकादशीला, म्हणजे इकडे देवउठी म्हणतात त्या दिवशी, विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे पालखीची मिरवणूक, निघतो, राजघराण्यातले लोक आरतीला येतात, त्या दिवशी मात्र घरीच ठेवा त्यांना, गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. माझ्या आजीला तो वरघोडा न चुकता बघायचा असायचा आणि ती ओळखीच्यांच्या ओट्यावर दुपारपासूनच जागा धरून बसायची, बरोबर शेंगदाण्याचे लाडू घेऊन, लाडू ज्यांचा ओटा त्यांच्यासाठी. तुमच्याही सासूबाईंच्या ओळखीचा एखादा ओटा असेल त्या रस्त्यावर. विचारून बघा, बरंच काय काय निघेल.

मुलगी सहावीत आहे, शाळेत प्रोजेक्ट दिलाय की बडोद्याच्या जुन्या भागात इतकी मराठी नावं का. मुलीला दाखवायला कुठे नेऊ? नुसतं नेटवरून उतरवायचं नाहीये. (एक बाबा, वाडी)

शाबास. पहिलं म्हणजे तुमच्या घरातच विचारा, तुमची माणसं इथे कुठून नि कशाला आली. अर्ध्या मराठी घरांत उत्तर एकच येतं, कुणीतरी गायकवाडांच्या नोकरीत होतं. कारकून, शिलेदार, मास्तर, आचारी, भटजी.

थोडक्यात सांगायचं तर गायकवाड पुण्याकडच्या दावडीचे. पिलाजीरावांनी गुजरातेत हातपाय पसरले, दमाजीरावांच्या वेळी १७३४ मध्ये बडोदं कायमचं हाती आलं, ते थेट स्वातंत्र्यापर्यंत. सगळ्यात मोठं नाव सयाजीरावांचं. ते मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले, नाव गोपाळराव, खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंनी १८७५ मध्ये दत्तक घेतले, तेव्हा मुलगा जेमतेम बारा वर्षांचा, म्हणजे तुमच्या मुलीएवढा. हे तिला नक्की सांगा. याच मुलाने पुढे १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं. खंडेराव मार्केट जे आहे ते त्यांनी या दत्तक वडिलांच्या नावाने बांधलं, राज्यकारभाराच्या पंचविसाव्या वर्षाच्या निमित्ताने, आणि आता त्यात महापालिका बसते. इमारत समोरून बघितली तर राजवाडा वाटतो आणि मागे गेलं की मेथीच्या जुड्या.

आता नेण्याची जागा. रावपुऱ्यात पोस्टाजवळ तांबेकरांचा खांचा, म्हणजे बोळ, आहे, त्यात तांबेकर वाडा. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते. बाहेरून लाकडी वाडा, पुण्यात असे डझनाने होते आणि पाडले गेले, पण हा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे म्हणून वाचला. आत वरच्या मजल्यावर भिंती, छत, दारं, एक वीतभर जागा कोरी सोडलेली नाही, सगळीकडे चित्रं. कृष्णाच्या लीला, महाभारत, आणि इंग्रज-मराठे लढाई. मुलीला सांगा फक्त एक भिंत निवड आणि त्यातलं एकच चित्र वहीत काढ. सगळी बघायला गेलात तर पाच मिनिटांत मान दुखते आणि पोरं कंटाळतात, हा माझा दोन नाती आणि एका भाच्याचा अनुभव आहे. माझ्या धाकट्या नातीने लढाई सोडून कोपऱ्यातला एक घोडाच काढला, त्याच्या मागच्या पायांची गंमत तिला कळत नव्हती, पाऊण तास खोडत बसली. तो घोडा अजून माझ्या फ्रिजवर आहे.

तिथून पायी दांडिया बाजार. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते, त्यांचं राहतं घर तिथे आहे, अरविंद निवास. आत शांत बसता येतं.

आणि मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी सोडू नका. १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून हे सगळं खातं उभं केलं. पुस्तकांचे लोखंडी रॅक आणि मधल्या मजल्यांना जाड काचेची जमीन, खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून. परवानगी मिळाली तर तिला खालच्या मजल्यावर उभी करून वर बघायला सांगा. काचेतून वरच्या माणसाच्या चपला दिसतात, माणूस नाही, नुसते दोन काळे तळवे सरकत जातात. मी आठवीत असताना हे बघून घाबरले होते. परवानगी काढायची असेल तर प्रोजेक्टचा कागद बरोबर न्या, आणि एखादं पुस्तक मागायचं काम काढून जा. लायब्ररीत नुसतं बघायला आलो म्हटलं की तिथली माणसं चष्म्यावरून बघतात.

नावांची यादी करताना मुलीला एक गंमतही लिहू दे. आपण बडोदेकर पुण्याला गेलो की लोक हसतात, कारण आपण खांचा म्हणतो, पोळ म्हणतो, आणि बोलण्याच्या शेवटी एक गुजराती ‘ने’ लावतो. २०१८ मध्ये इथे मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा बाहेरून आलेल्या एका बाईंनी मला विचारलं की तुम्ही मराठी कुठे शिकलात. काय सांगणार, म्हटलं दांडिया बाजारात.

मावशी, तुम्ही सगळं गोड गोड लिहिता. मी गेलो होतो मागच्या रविवारी. धूळ, हॉर्न, वायरींची जाळी, बोर्डाने झाकलेली घरं, चालायला फूटपाथ नाही. यात ऐतिहासिक काय आहे? (एक नाराज वाचक, अलकापुरी)

सगळं खरं आहे. एकही गोष्ट खोटी नाही त्यातली, आणि मी तुमची समजूत घालणार नाही.

माझंच सांगते. गेल्या पावसाळ्याच्या आधी असाच एक खड्डा खणून ठेवलेला, ना फळी ना दिवा ना लाल फडकं, संध्याकाळची वेळ, हातात कोथिंबीर, माझा उजवा पाय थेट आत. घोट्याला तीन आठवडे प्लास्टर. मुलगा एका ऑफिसात तक्रार घेऊन गेला तर ते म्हणाले खड्डा आमचा नाही, दुसऱ्यांचा आहे, दुसऱ्यांनी पहिल्यांकडे पाठवलं, शेवटी खड्डा कुणाचाच नाही आणि पाय मात्र माझा. ज्या पानवाल्याने मला उचलून बसवलं त्याने मात्र दुसऱ्या दिवशी त्यात एक झाडाची फांदी आणि माझीच फाटलेली पिशवी झेंड्यासारखी खोचून ठेवली होती. चार दिवस ती पिशवी तिथे फडकत होती, अख्ख्या गल्लीला कळलं मावशी इथे पडल्या.

वायरींचा मला पण राग येतो. इतकं सुंदर कोरीव लाकूड, घोडे, पोपट, वेली, आणि त्याला खिळा मारून केबल टांगलेली. पण घराचे मालक तरी काय करणार, अशा लाकडाची दुरुस्ती करणारा सुतार आज पटकन मिळत नाही, मिळाला तर त्याचा रोज परवडत नाही, भाडं जुनं, भाऊ सहा, सही एकाचीही नाही. मग एक दिवस घर उतरवतात आणि खाली शटर, वर काच. यात दोष कुणाला द्यायचा मला खरंच कळत नाही, रोज थोडा थोडा सगळ्यांना देते.

तुम्ही चुकलात ते वाराला आणि वेळेला. रविवारी दुपारी मंगळ बाजारात आमच्यासारखे मुरलेले पण शिरत नाहीत, अख्खा जिल्हा लग्नाची खरेदी करत असतो. सकाळी साडेसहाला या. आणि दुकानांच्या रांगेकडे बघत चालू नका, समोरच्या बाजूच्या पहिल्या मजल्याकडे बघत चाला, आपल्या बाजूचं छज्ज्यामुळे दिसत नाही. फक्त खड्डे सांभाळून, हे कोण सांगतंय बघा.

कॉलेजात फोटोग्राफी करतो. पोळांमध्ये फोटो काढले तर लोक ओरडतात. काय करू? (एक विद्यार्थी)

ओरडणारच रे बाळा. पोळ म्हणजे रस्ता नाही, ते घराचं अंगण आहे सगळ्यांचं मिळून. तिथे बायका केस वाळवत बसतात, कुणी तांदूळ निवडतं, कुणाचे आजोबा बनियनवर पेपर वाचत असतात, आणि तू कॅमेरा घेऊन टपकतोस. तुझ्या घराच्या हॉलमध्ये कुणी असं आलं तर तुझी आई काय करेल?

आधी विचार, हसून विचार, गुजरातीत विचार. नाही म्हणाले तर नाही. हो म्हणाले तर दुसऱ्या खेपेला त्यांचा फोटो प्रिंट काढून नेऊन दे, मोबाइलवर पाठवू नकोस, कागदावरचा दे. एक प्रिंट दिलीस की त्या पोळात तुझा जन्माचा वशिला लागला, वर चहा.

आणि फोटोच पाहिजेत तर उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी डिसेंबरअखेरीपासून गेंडीगेटच्या रस्त्याला जा. पतंगांची दुकानं लागतात आणि रस्त्याकडेला मांजा रंगवतात. दोन खांबांमध्ये दोरा ताणलेला, आणि रंगवणारा हातात लुगदीचा गोळा धरून एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालतो, परत येतो, परत जातो, दिवसभर. लुगदीत काचेची पूड असते म्हणून बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या. गुलाबी रंग सगळ्यात जास्त चालतो, त्यामुळे संध्याकाळी त्यांचे हात कोपरापर्यंत गुलाबी. मी एकाला विचारलं किती चालता दिवसाला, तो म्हणाला मोजलं तर पाय दुखतील. तिथे तुला कुणी ओरडणार नाही, फक्त फिरकी भरून घे एक, नुसता उभा राहू नकोस. आणि मान वाचवून चाल, ताणलेला दोरा संध्याकाळी दिसत नाही.

शेव उसळ कुठली खावी? मिसळीपेक्षा चांगली असते का? (दोन-तीन पत्रं)

दुकानाचं नाव छापलं तर बाकीचे मला सोडणार नाहीत. जिथे उभं राहून खाणाऱ्यांत शाळेचा गणवेश आणि बँकेचा शर्ट दोन्ही दिसतील तिथे खा. वाटाण्याची उसळ असते, मटकी शोधू नका, वर शेव, कांद्याची पात, बाजूला पाव, आणि तरी वेगळी मिळते ती आपल्या जबाबदारीवर. मिसळीशी तुलना करायची नाही. माझे पुण्याचे व्याही दरवेळी करतात आणि दरवेळी दोन प्लेट खातात. घरी न्यायला लिलो चिवडा घ्या, बटाट्याचा, ओलसर, गोड-तिखट, पण लवकर संपवा.

माझं लहानपण बाजवाड्यात गेलं. वडिलांची बदली झाली आणि १९७१ मध्ये आम्ही नाशिकला आलो. आता सत्तरी जवळ आली. घर भाड्याचं होतं, नंबर आठवत नाही, पोळाच्या तोंडाशी विहीर होती एवढं आठवतं. आलो तर सापडेल का? की येऊच नये? (एक वाचक, नाशिक)

या. काका म्हणू का दादा म्हणू, मी तुमच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेन. दादाच म्हणते.

घर असेल की नसेल हे मी इथून सांगू शकत नाही. विहीर बहुतेक झाकलेली असेल, वर कुणाची तरी स्कूटर उभी असेल. नंबर आठवत नाही ते बरंच आहे, नंबर आता बदललेत. तुम्ही तुमच्या घरमालकाचं आडनाव आठवा, समोर कोण राहायचं ते आठवा, आणि कुणाच्या घरी गणपती मोठा बसायचा ते आठवा. या तीन गोष्टींवर बाजवाड्यात माणूस सापडतो. मोबाइलवर बोलत जाणाऱ्या तरुण पोरांना विचारू नका, बिचारी खरंच नवीन असतात, भाड्याने आलेली. इस्त्रीवाला, पिठाची गिरणी आणि देवळातले पुजारी, या तिघांना विचारा.

गिरणीचं सगळ्यात चांगलं. माझ्या एका मैत्रिणीला तिचं आजोळ असंच शोधायचं होतं, आम्ही दोघी दुपारभर फिरलो, कुणी दाद देईना. दुसऱ्या दिवशी मी घरून दोन किलो गहू डब्यात घेतले आणि तिला घेऊन गिरणीत गेले. नंबर लागेपर्यंत अर्धा तास बाकावर बसायचंच असतं ना. बाजूला बसलेल्या आजींनी विचारलं, नवीन आलात का? मैत्रिणीने आडनाव सांगितलं. आजी म्हणाल्या, म्हणजे त्या रेडिओवाल्यांची नात का गं तू? रेडिओ आहे हे मैत्रिणीलाच माहीत नव्हतं, पोळातला पहिला रेडिओ तिच्या आजोबांचा होता. मग काय, त्या आजी स्वतः चालत आल्या घर दाखवायला, पिठाचा डबा आमच्या हातात, मागून गिरणीवाला ओरडतोय की बेन, पैसे राहिले.

तेव्हा दादा, येताना गहू आणा, नाहीतर माझ्याकडून घेऊन जा, संपादकांकडे माझा फोन आहे. फक्त सकाळी जायचं, दुपारी एक ते चार गिरणी बंद असते.